दिग्दर्शन शिकायचंय? आधी विचारा, तालमीत मागे कोण बसणार

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 24, बी.कॉम., नाशिकच्या अंबड भागातल्या एका कंपनीत हिशेबाचं काम. कॉलेजात एकांकिका केल्या, नंतर राज्य नाट्य स्पर्धेत नाशिक केंद्रावर दोन नाटकं बसवली, दुसऱ्याला प्राथमिक फेरीत दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. आता दिग्दर्शनाचं रीतसर पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय. एनएसडी (दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय), पुणे, मुंबई की परदेश? की हे सगळं सोडून मुंबईत एखाद्या दिग्दर्शकाचं सहायक व्हावं? घरचे म्हणतात, डिग्री मिळणार असेल तर जा, नाहीतर आहे ती नोकरी नीट कर.

मी नाशकातच नाटक करतो. विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकून परत आलो, आणि दिग्दर्शन करू पाहणाऱ्या तरुण मंडळींच्या तालमींना जाऊन बसणं हे आता माझं निम्मं काम झालंय. तिथून जे दिसतं तेच सांगतो.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत: शिकायला मिळेल का, काम मिळेल का, आणि घरचे मानतील का. डिग्री तिसऱ्याचं उत्तर उत्तम देते. दुसऱ्याचं जवळपास देत नाही, कारण मराठी व्यावसायिक नाटकाचा निर्माता तुमचं प्रमाणपत्र मागणार नाही, तुमचं आधीचं नाटक कुणी पाहिलंय का एवढंच विचारेल. अपवाद शिकवण्याच्या नोकरीचा. पुढे एखाद्या नाट्यविभागात शिकवायचं असेल तर एम.ए. आणि सहसा नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) लागतं. नेटमध्ये नाट्यकलेचा विषय आहे, आणि एनएसडीचा डिप्लोमाही अध्यापनासाठी एम.ए.च्या बरोबरीचा धरला जातो. हे घरी सांगायला उपयोगी पडेल.

राहिला पहिला प्रश्न, आणि माझ्या मते खरा तोच आहे. तुम्हाला आत्ता नेमकं काय येत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलंय का? बहुधा नाही. यात तुमचा दोष नाही, आपल्याकडची रचनाच तशी आहे. स्पर्धेत परीक्षक प्रयोग पाहतात. तोही एकच, नाशिकच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात, तुमची वेळ येईल त्या संध्याकाळी. नंतर भेटले तर दोन वाक्यं बोलतात, निकाल लागतो, विषय संपतो. नटाला दिग्दर्शक पाहत असतो, नेपथ्यकाराचं काम सगळ्यांना दिसतं, प्रकाशयोजनेत चूक झाली तर शेवटच्या रांगेतल्यालाही कळते. दिग्दर्शक तालमीत काय करतो हे मात्र कुणीच पाहत नाही. प्रयोग रंगला तर त्याचं श्रेय, पडला तर नटांनी माती केली. मधल्या काळात तो नटांशी काय बोलला, कुठे अडला, कुठे उगाच लांबण लावली, याची नोंद कुठेच होत नाही.

म्हणून दिग्दर्शनाच्या शिक्षणाची माझी व्याख्या फार साधी आहे. तुमच्या तालमीत मागे एखादं जाणतं माणूस बसतं, आणि तालीम संपल्यावर तुमच्याशी नाटकाबद्दल नाही, तर तुमच्या तालीम घेण्याबद्दल बोलतं. हे वारंवार घडत असेल तर तुम्ही शिकताय. बाकी रंगभूमीचा इतिहास, नाट्यशास्त्र, पाश्चात्त्य सिद्धान्त हे सगळं हवंच, पण त्यातलं बरंचसं वाचून मिळतं.

तालमीत मागे बसल्यावर काय दिसतं तेही सांगतो. आपल्या हौशी रंगभूमीवरचा दिग्दर्शक करून दाखवतो. वाक्य स्वतः म्हणतो, हातवाऱ्यासकट, आणि नट त्याची नक्कल करतो. नक्कल जमली की दिग्दर्शक म्हणतो, ‘बरोब्बर, हेच ठेव.’ याचं कारण उघड आहे. नट सातपूर-अंबडहून शिफ्ट संपवून येतात, तालीम सुरू व्हायलाच साडेआठ वाजतात, हॉल दहाला रिकामा करायचा असतो, आणि स्पर्धेची तारीख डोक्यावर असते. अशा वेळी करून दाखवणं हा सगळ्यात जलद मार्ग. तो काम भागवतो, कधी बक्षीसही देतो. पण नाटकातली सगळी माणसं एकाच लयीत, एकाच सुरात बोलायला लागतात, आणि तो सूर दिग्दर्शकाचा असतो. तुमच्या बक्षीसपात्र नाटकाचं चित्रण असेल तर पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका. पात्रं आवाजावरून ओळखू येतात, पण बोलण्याच्या लकबीवरून ओळखू येत नाहीत, असं झालं तर काय शिकायचंय ते कळलं.

याला औषध आहे, पण ते घाईत घेता येत नाही. नटाला काय करायचं ते न दाखवता, त्याला काय हवंय आणि समोरचा त्याला काय देत नाहीये एवढंच सांगायचं, आणि गप्प बसायचं. पहिल्या काही वेळा प्रवेश पूर्वीपेक्षा वाईट होतो. तो वाईट होऊ देण्याची हिंमत आणि सवड, दोन्ही लागतात. स्पर्धेच्या तोंडावर ती कुणाकडेच नसते. चांगल्या संस्थेत मिळणारी मुख्य गोष्ट ही सवड. प्रवेश फसला तरी तिकीटविक्री पडत नाही, केंद्रावरचा नंबर जात नाही, कुणी रुसून नाटक सोडत नाही. (विद्यार्थीही रुसतात, पण दुसऱ्या दिवशी वर्ग असतो, त्यामुळे यावंच लागतं.)

आता संस्थांकडे येऊ. कोणती चांगली हे तुमच्या भाषेवर, पैशावर आणि पुढे कुठलं नाटक करायचंय यावर अवलंबून आहे, त्यामुळे क्रमवारी लावत नाही.

राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे दिल्लीची एनएसडी. 1959 साली संगीत नाटक अकादमीच्या छत्राखाली सुरू झाली, 1975 पासून स्वतंत्र. तीन वर्षांचा पूर्णवेळ निवासी अभ्यासक्रम. पहिलं वर्ष सगळ्यांना समान असतं, त्यानंतर अभिनय किंवा दिग्दर्शन-आरेखन अशी वाट निवडायची. पदवीबरोबर नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात. आधी वेगवेगळ्या शहरांत प्राथमिक चाचणी, मग दिल्लीत काही दिवसांची निवड कार्यशाळा. निवड झालेल्यांना विद्यावेतन मिळतं. इब्राहिम अल्काझी 1962 ते 1977 तिथे संचालक होते, आणि दिग्दर्शकाला अवकाश, वस्तू, रंग, वेशभूषा कळली पाहिजे हा त्यांचा आग्रह संस्थेत मुरला. आपल्या संवादप्रधान मराठी संस्कारात वाढलेल्या माणसाला याचा फार फायदा होतो. आपण नाटक ऐकत ऐकत मोठे होतो, तिथे पाहायला शिकवतात.

अडचण भाषेची. तीन वर्षं हिंदीत काम करायचं. व्यवहारापुरतं हिंदी आपल्या सगळ्यांना येतं, पण एखाद्या वाक्यात नट खोटं बोलतोय हे ज्या कानाने कळतं तो कान मातृभाषेत जास्त तीक्ष्ण असतो. शिवाय तीन वर्षांनी परत आल्यावर तुमचे नट इथे दुसऱ्याबरोबर काम करत असतात आणि तुमचे दिल्लीतले वर्गमित्र मणिपूर, केरळ, बिहारात पांगलेले असतात. परत येऊन जम बसवलेले लोकही आहेत. वामन केंद्रे एनएसडीतून शिकून मराठीत आले, इथे भरपूर काम केलं आणि 2013 मध्ये त्याच संस्थेचे संचालक झाले. पण परतल्यावर सगळं पुन्हा उभं करावं लागतं, हे जाण्याआधी माहीत असावं.

पुण्याचं ललित कला केंद्र तुम्हाला सगळ्यात जवळचं आहे, आणि ते तुमच्याच विद्यापीठाचं. तुमच्या बी.कॉम.च्या प्रमाणपत्रावर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं नाव असेल. 1987 साली सुरू झालेल्या या विभागाचे नाटककार सतीश आळेकर बराच काळ प्रमुख होते. गुरुकुल पद्धत, शिक्षणाची भाषा मराठी, आणि भोवती पुण्याची प्रायोगिक रंगभूमी. वर्ग संपल्यावर संध्याकाळी शहरात पाहायला नाटक असतं, हाही अभ्यासक्रमाचाच भाग समजा. नाशकात आपल्याला कालिदास कलामंदिरात येणारी व्यावसायिक नाटकं दिसतात, प्रायोगिक त्या मानाने कमी. डोळा तयार व्हायला दोन्ही लागतात.

मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स 2003 साली सुरू झाली, कालिन्याच्या आवारात आहे, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. शिकता शिकता मुंबईच्या नाट्यव्यवसायाशी ओळख होते हा तिचा फायदा आणि तोटाही. मालिकेचं काम आलं की तालीम बुडते, आणि दिग्दर्शकाच्या तालमीतून नट पळाला की त्याचा अभ्यास थांबतो. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यविभाग आपल्याकडचे लोक उगाच विसरतात. अंतराने जवळ, राहणीमान परवडणारं, आणि त्या शहरातूनच दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, नाटककार प्रशांत दळवी आणि त्यांची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था मुंबईत आली. राज्याबाहेर हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात नाट्यकलेची पदव्युत्तर पदवी आहे, केरळात त्रिशूरला कालिकत विद्यापीठाचं नाट्यविद्यालय आहे. कर्नाटकातल्या हेग्गोडु गावी नीनासम आहे. तिथला शिक्षणक्रम कन्नडात चालतो, त्यामुळे तुम्हाला प्रवेशासाठी सुचवत नाही, पण एका खेड्यात नाट्यसंस्था कशी चालते हे पाहायला प्रत्येक नाशिककर नाटकवाल्याने एकदा जावं.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत दिग्दर्शनाची एमएफए ही पदव्युत्तर पदवी साधारण तीन वर्षांची असते आणि जागा अगदी मोजक्या. येलच्या नाट्यविद्यालयाने 2021 पासून शिक्षण शुल्कच बंद केलंय, त्यामुळे तिथे सगळं जग अर्ज करतं. ब्रिटनमध्ये एक वर्षाचं एम.ए. मिळतं, आणि चेवनिंगसारखी ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तर खर्च निघतो, पण त्यासाठी आधी कामाचा अनुभव दाखवावा लागतो. हे अभ्यासक्रम ज्याची स्वतःची काही नाटकं आणि स्वतःचे काही प्रश्न तयार आहेत अशा माणसासाठी आहेत. दोन स्पर्धा-नाटकांच्या जोरावर आत्ता जाऊ नका. तिशीच्या जवळ, तुमच्या नाटकाची म्हणून एक ओळख झाल्यावर जा. एक वर्ष तर घर शोधण्यात आणि थंडीची सवय होण्यातच जातं.

आता संस्था पारखायची कशी? माहितीपत्रिका वाचून काहीच कळत नाही, कारण ती सगळीकडे सारखीच असते. रजा काढा आणि साध्या मंगळवारी-बुधवारी तिथे जा, महोत्सवाच्या दिवशी नको. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला चहा पाजा आणि विचारा: पूर्ण अभ्यासक्रमात तू दिग्दर्शक म्हणून किती नाटकं केलीस? नट म्हणून किंवा बॅकस्टेजला नाही, दिग्दर्शक म्हणून. संहिता तू निवडलीस की दिली गेली? नट कुठून आले? प्रकाशयोजनेसाठी प्रत्यक्ष रंगमंच किती दिवस मिळाला? आणि शिक्षक तुझ्या तालमीला कधी आले, पहिल्या आठवड्यात की रंगीत तालमीला? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. रंगीत तालमीला येणारा शिक्षक हा परीक्षकच असतो. पहिल्या आठवड्यात, वाचन चालू असताना, सगळं कच्चं असताना जो येतो तो शिकवतो. जमलं तर एखाद्या विद्यार्थी-दिग्दर्शकाच्या तालमीत बसू द्याल का, असं विचारा. चांगल्या ठिकाणी कुणी हरकत घेत नाही.

दुसरा मार्ग, सहायक होण्याचा. तो कमी प्रतीचा आहे असं मी मुळीच मानत नाही. ‘घाशीराम कोतवाल’ 1972 साली बसवणारे जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ होते. दिग्दर्शक सत्यदेव दुबे कुठल्याही विद्यापीठाच्या इमारतीत न बसता पिढ्या घडवत राहिले. पण या उदाहरणांत एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. या माणसांभोवती वर्षानुवर्षं सतत काम करणारा गट होता, त्यात एकमेकांच्या तालमी पाहणारे, भांडणारे, लिहिणारे लोक होते. डिग्री नव्हती, पण मागे बसणारा होता.

आजच्या व्यावसायिक नाटकात सहायकाला सुरुवातीला नुसतं लिहून घेणं, वेळा सांभाळणं, फोन करणं एवढंच असतं. ते करायला हरकत नाही, मात्र शिकण्याचा क्षण येतो तो रिप्लेसमेंटच्या वेळी. चालू नाटकातला नट बदलतो, मुख्य दिग्दर्शकाला वेळ नसतो आणि नव्या नटाच्या तालमी सहायकाकडे येतात. तेव्हा तेच नाटक आतून उसवून पुन्हा शिवावं लागतं. नवा नट विचारतो, मी इथे का उठतो? ‘आधीचा उठायचा म्हणून’ हे उत्तर चालत नाही. असं काम मिळेल अशा ठिकाणी सहायक व्हा. ज्याच्याकडे नाटकं दौऱ्यावर फिरतात तो बरा. वर्षात एक नाटक करून बाकीचा वेळ मालिका करणाऱ्याकडे गेलात तर तुम्ही मालिकाच शिकाल. पैसे फारसे मिळत नाहीत, मुंबईत भाड्याने राहायचं तर त्याचा आधीच विचार करा.

इथे एक नाशिकची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर दोघंही या गावात राहिले, इथे बसून लिहिलं. कुसुमाग्रजांचं ‘नटसम्राट’ मात्र 1970 मध्ये मुंबईत गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणलं, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं. म्हणजे संहिता इथून जायची आणि नाटक तिकडे उभं राहायचं. लेखकाला टेबल आणि शांतता पुरते, दिग्दर्शकाला हॉल, नट आणि रोजची संध्याकाळ लागते, आणि ती गावाने द्यावी लागते. अलीकडे हे बदलतंय. लेखक दत्ता पाटील आणि दिग्दर्शक सचिन शिंदे या जोडीने नाशकातल्याच नटांना घेऊन केलेली नाटकं नाशिकबाहेरही पाहिली जातात. त्यामुळे शिकायला बाहेर जा, पण नाशिक सोडल्याशिवाय दिग्दर्शक होता येत नाही असं समजून जाऊ नका.

मग तुम्ही काय करावं? माझं मत विचारलंत तर येत्या वर्षी नोकरी सोडू नका आणि स्पर्धाही करू नका. पाच-सहा नट घ्या, एक छोटी संहिता घ्या, प्रयोगाची तारीख ठरवू नका. तालमीत फोन टेबलावर ठेवून ध्वनिमुद्रण करा, आणि घरी जाऊन त्यातला फक्त स्वतःचा आवाज ऐका. तुम्ही किती बोलता, नटाचं वाक्य किती वेळा स्वतः म्हणून दाखवता, एकच सूचना कितीदा देता. हे ऐकणं सुखाचं नसतं, पण फुकट असतं. महिन्यातून एकदा तरी जाणत्या माणसाला तालमीत बसायला बोलवा. नाशकात असे लोक आहेत, आणि नुसतं बसायला बोलावलं तर सहसा नाही म्हणत नाहीत, कारण त्यांना असं कुणी बोलवतच नाही. तोच प्रवेश एकदा साईखेडकरच्या मापाने आणि एकदा कालिदासच्या मापाने जमिनीवर खडूने आखून बसवून पाहा. शब्द तेच राहतील, बाकी काय काय बदलावं लागतं ते लिहून ठेवा.

यातून एक वही तयार होईल: संहितेच्या प्रती, त्यावरच्या खुणा, आराखडे, काय फसलं आणि मग काय केलं. मग पुण्याला आणि एनएसडीला, दोन्हीकडे अर्ज करा. मुलाखतीत पारितोषिकाचं प्रमाणपत्र सगळ्यांकडेच असतं. वही असलेला उमेदवार क्वचित येतो, आणि मग प्रश्न वहीवरच सुरू होतात, म्हणजे तुम्हाला जे माहीत आहे त्यावर.

पैशाचं एक सांगायचं राहिलं, आणि ते वयामुळे तातडीचं आहे. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, 18 ते 25 वयोगटासाठी, दोन वर्षं, महिना 5,000 रुपये. त्यात नाटक येतं. तुम्ही 24 वर्षांचे आहात, म्हणजे यंदाची जाहिरात चुकवू नका. ती हुकली तर 25 ते 40 वयासाठी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे, महिना 10,000, पण तिला स्वतःचा संशोधन-प्रकल्प मांडावा लागतो. एनएसडीलाही वयाची अट असते, त्या वर्षीच्या माहितीपत्रिकेत नीट पाहून घ्या. घरच्यांना तुम्ही वर्षभर थांबताय हे ऐकून बरं वाटेल. त्यांना त्या वर्षातली एखादी तालीम पाहायलाही बोलवा. प्रयोगाला नको, तालमीलाच.